जूनमध्ये कुठं असता, भीमसैनिकांनो?

१४ एप्रिलला तुम्ही दिसता. निळीनं माखलेले, डीजेपुढं घामाघूम. १४ ऑक्टोबरला दीक्षाभूमीवर दिसता. ६ डिसेंबरला दादरच्या गाडीत उभ्यानं रात्र काढताना दिसता. १४ जानेवारीला विद्यापीठाच्या गेटवर तं पाय ठेवायला जागा ठेवत नाही. सगळीकडं दिसता. पण दोस्तहो, जूनमध्ये कुठं असता?

जूनमध्ये निकाल लागून गेलेला असतो. कारखान्यावरून कोयते गावाला परतलेले असतात. मुकादमाचा हिशेब झालेला असतो, उचल फिटलेली असते नाहीतर अंगावर राहिलेली असते. अन् त्याच दिवसांत आपलं पोरगं, आपली पोरगी, बापाला संगं घेऊन कॉलेजच्या खिडकीपुढं उभी असते. तिथं तुम्ही दिसत नाही. तिथं कुणीच दिसत नाही.

ती खिडकी कधी नीट बघितलीय का? आत टेबल, टेबलावर रजिस्टर, आता कॉम्प्युटर. बाहेर रांग. आतला माणूस टी.सी. हातात घेतो, जातीच्या रकान्यावर बोट थांबवतो अन् मग वर बघतो.

"काय टाकायचं?"

"सर, बी.एस्सी. पाहिजे व्हतं. गणित घेऊन."

"टक्के किती?"

"सत्तावन्न."

"कशाला मरायलास रे. बी.ए. टाक. मराठी, इतिहास, राज्यशास्त्र. जीओआय मिळंल, पास बी होशील. हं, कर सही."

बाप मागं उभा. टोपी हातात. "साहेब म्हणायलेत तं बरोबरच असंल."

दोन मिनिटं लागली. मागच्याचा नंबर आला.

हे मी ऐकीव सांगत नाही. तो पोरगा मीच. गणितात मला शंभरात ऐंशीच्या वर होते, हे त्या साहेबानं विचारलं नाही अन् मी सांगितलं नाही. बीड जिल्ह्यातल्या त्या कॉलेजचं नाव लिहीत नाही. लिहायची गरजही नाही, कारण ती खिडकी काही एका कॉलेजची नाही. बी.ए. झाल्यावर अक्कल आली. म्हणलो, आता पुन्हा बी.एस्सी.ला जातो. तेव्हा एका भल्या माणसानं शिष्यवृत्तीचा नियम वाचून दाखवला: एका पातळीचं शिक्षण पूर्ण केल्यावर त्याच पातळीचं दुसरं शिक्षण घेतलं तर भारत सरकारची शिष्यवृत्ती मिळत नाही. बी.ए. नंतर बी.कॉम. केलं तरी नाही. म्हणजे गरिबाला निवड एकदाच. पैसेवाल्याचं पोरगं चुकलं तर बाप दुसरीकडं भरतो. आपलं पोरगं चुकलं तर चुकलं.

आता सांगा, ज्या निवडीला दुसरी संधी नाही ती निवड खिडकीतल्या अनोळखी माणसानं दोन मिनिटांत करायची, अन् आपण तिला 'प्रवेश' म्हणायचं?

कुणी म्हणेल, क्लार्क बिचारा कामाच्या घाईत असतो, त्यात जात कुठून आणली. आणली नाही, ती होतीच. विषय निवडायचा हक्क ह्या देशात कधीच साधा नव्हता. बाबासाहेबांना एल्फिन्स्टन हायस्कुलात संस्कृत घ्यायचं होतं. शिक्षकानं अस्पृश्याच्या पोराला संस्कृत शिकवायला नकार दिला. पर्शियन घ्यावं लागलं. पुढं त्यांनी संस्कृत स्वतःच्या बळावर मिळवलं, ती गोष्ट वेगळी. सगळ्यांच्या अंगात ते बळ नसतं, अन् असायला पाहिजे असा हट्टही धरू नये. तेव्हा नकार तोंडावर दिला जायचा. आज नकार काळजीच्या आवाजात दिला जातो: "तुला झेपणार नाही बाळा." तेव्हाचा नकार ओळखू यायचा, भांडता यायचं. आजचा नकार बापालाही उपकार वाटतो.

ह्याच्या उलटी गोष्टही बाबासाहेबांच्याच आयुष्यात आहे अन् ती आपण भाषणात अर्धीच सांगतो. १९०७ साली भीमराव मॅट्रिक झाले, तेव्हा सत्काराच्या सभेत कृष्णाजी अर्जुन केळुसकर गुरुजींनी स्वतः लिहिलेलं बुद्धचरित्र त्यांना दिलं. हे आपण सांगतो. पण केळुसकर पुस्तक देऊन घरी गेले नाहीत. पुढं शिक्षणाला पैसा कमी पडला तेव्हा हेच गुरुजी ह्या पोराला सयाजीराव महाराजांपुढं घेऊन गेले. महिना २५ रुपयांची शिष्यवृत्ती मिळाली. १९१२ ला बी.ए. झालं, १९१३ ला कोलंबिया. तिथंही सेलिग्मनसारखा प्राध्यापक पाठीशी उभा राहिला, पुढं लंडनला जाताना त्यानं ओळखीचं पत्र दिलं.

म्हणजे बघा. बुद्धी बाबासाहेबांची होती, मेहनत बाबासाहेबांची होती, रात्रंदिवसाचं वाचन त्यांचं होतं. तरीही योग्य वेळी, योग्य दारापर्यंत हात धरून नेणारा एक माणूस लागला. बाबासाहेबांना लागला, अन् आपल्या पोरांना लागत नाही असं आपण कोणत्या तोंडानं म्हणतो? "ज्याच्यात धमक असंल तो शिकंल" हे वाक्य मी आपल्याच पोरांच्या तोंडून ऐकलंय. ते वाक्य आपलं नाही. ते 'मेरिट'वाल्यांचं वाक्य आहे, आपण उष्टं चघळायलोय.

अन् बाबासाहेबांनी काय केलं ते बघा. १९२४ ला बहिष्कृत हितकारिणी सभा काढली अन् १९२५ ला सोलापुरात विद्यार्थ्यांचं वसतिगृह सुरू केलं. १९२७ साली मुंबईच्या कायदेमंडळात उभं राहून हिशेब मांडला, की प्राथमिक शाळेत शंभर पोरं घातली तर चौथीपर्यंत अठराच पोचतात. दाखल किती झाले हे सांगून सरकार मिशीवर ताव देत होतं. बाबासाहेबांनी विचारलं, पोचले किती. हाच प्रश्न आपण आपल्या जिल्ह्यातल्या एकेका कॉलेजला विचारायला पाहिजे. पहिल्या वर्षाला आमची किती पोरं घेतली ते सांगू नका. तिसऱ्या वर्षाला किती उरली ते सांगा.

पुढं ऑक्टोबर १९४२ मध्ये, व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात असताना, त्यांनी अस्पृश्यांच्या गाऱ्हाण्यांचं एक निवेदन दिलं. त्यात त्यांनी साफ मांडलं की नुसत्या कला अन् कायद्याच्या शिक्षणानं आपल्या लोकांचं फारसं भलं होणार नाही, विज्ञान अन् तंत्राचं वरच्या दर्जाचं शिक्षण पाहिजे, अन् ते महाग आहे म्हणून त्याचा खर्च सरकारनं उचलला पाहिजे. १९४४ पासून अनुसूचित जातींसाठी मॅट्रिकनंतरची शिष्यवृत्ती सुरू झाली. आज आपण जिला 'जीओआय' म्हणतो, ती तीच. आता गंमत बघा. ज्या शिष्यवृत्तीच्या मुळाशी 'आमच्या पोरांना विज्ञान द्या' ही मागणी होती, त्याच शिष्यवृत्तीचं आमिष दाखवून खिडकीतला माणूस म्हणतो, बी.ए. टाक, जीओआय मिळंल.

कला शाखा वाईट आहे असं मी म्हणत नाही. बाबासाहेब अर्थशास्त्र अन् राज्यशास्त्र घेऊनच बी.ए. झाले. इतिहास आपण नाही शिकलो तर आपला इतिहास दुसरेच लिहितील. पोरीला मराठी आवडतं तर तिनं मराठीच घ्यावं अन् एम.ए., नेट, पीएच.डी. सगळं करावं. माझं भांडण ढकलण्याशी आहे. स्वतः निवडलेली कला शाखा हे शिक्षण झालं. जातीचा रकाना बघून ढकललेली कला शाखा म्हणजे गावकुसाबाहेर ढकलणंच झालं, फक्त आता त्याला हजेरीपट आहे.

मराठवाड्यातल्या माणसानं तं हे विसरूच नये. निजामाच्या राज्यात विद्यापीठ होतं ते दूर हैदराबादला, उस्मानिया, अन् शिकवणं उर्दूतून. १९४८ ला निजाम गेला अन् १९५० ला बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीनं औरंगाबादला, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरला, कॉलेज काढलं. नाव पुढं मिलिंद पडलं. परिसराला नागसेनवन. राजाचं नाव द्यायचं तं राजे काय कमी होते? पण नाव दिलं ते भिक्खूला प्रश्न विचारणाऱ्या राजाचं. राजा विचारतो, नागसेन उत्तर देतो. राजाचं समाधान झालं नाही तर राजा पुन्हा विचारतो. कॉलेज म्हणजे काय, हे त्या दोन नावांतच आहे: इथं विचारायचं असतं अन् विचारलेल्याला उत्तर द्यायचं असतं. आपल्या खिडकीवर ह्यातलं काय उरलंय? पोरगं विचारीत नाही कारण त्याला भ्या वाटतं. साहेब उत्तर देत नाही कारण मागं रांग आहे.

२७ जुलै १९७८ ला नामांतराचा ठराव झाला अन् मराठवाड्यात आपल्या वस्त्या पेटल्या. पोचीराम कांबळेसारखी माणसं मारली गेली. १४ जानेवारी १९९४ ला बाबासाहेबांचं नाव विद्यापीठाला लागलं. बीड जिल्ह्यातली कॉलेजं त्याच विद्यापीठाखाली आहेत. आपल्या पोराच्या गुणपत्रिकेवर सगळ्यात वर बाबासाहेबांचं नाव छापलेलं असतं. त्या नावासाठी माणसं जळाली. अन् त्या नावाखाली काय विषय लिहायचे ते ठरवायला आपण एक क्लार्क ठेवलाय. गेटवरचं नाव आपण जिंकलं, खिडकी सोडून दिली.

आता 'दीक्षारंभ' नावाचं एक नवीन आलंय. यूजीसीनं २०१९ ला काढलं. आपल्याला दीक्षा म्हटलं की नागपूर अन् १९५६ आठवतं. ह्यांची दीक्षा वेगळी. नव्या विद्यार्थ्यांचं स्वागत करावं, कॉलेजची ओळख करून द्यावी, छोट्या गटाला एक मार्गदर्शक प्राध्यापक द्यावा, पोराला बुजल्यासारखं होऊ नये. कागदावर चांगलं आहे. खरं सांगतो, मला पटलेलं आहे. पण बहुतेक ठिकाणी होतं काय? मंडप, हार, नारळ, शाल. संस्थेच्या अध्यक्षांचं पाऊण तास भाषण, त्यात त्यांच्या वडिलांनी संस्था कशी काढली ते. प्राचार्यांचं भाषण. शिस्त पाळा, मोबाईल वापरू नका. फोटो. संपलं. तो फोटो नॅकच्या फायलीत जातो. मार्गदर्शकाची यादी नोटीस बोर्डावर लागते अन् वर्षभर ना त्याला पोरं माहीत असतात ना पोरांना तो. त्या मंडपात कुणी उठून सांगितलं का, की शिष्यवृत्तीचा अर्ज कधी भरायचा? गणित सोडलं तर पुढं कोणती दारं बंद होतात? वसतिगृह नाही मिळालं तर काय करायचं? नाही सांगितलं. कारण पोरगं जितकं अडाणी राहील तितकं मुकाट राहील.

त्यातच नवं शैक्षणिक धोरण. राज्यातल्या संलग्न कॉलेजांत ते २०२४-२५ पासून आलं. मेजर, मायनर, ओपन इलेक्टिव्ह, कौशल्य, भारतीय ज्ञानप्रणाली, क्रेडिट. प्राध्यापकांनाच धड सांगता येईना, तिथं वडवणीच्या वस्तीवरच्या पोरीनं काय निवडायचं? निवडीची यादी लांबली की सांगणाराची गरज वाढते. यादी लांबली, सांगणारा आलाच नाही. म्हणजे खिडकीवाल्याची सत्ता वाढली. आधी तो तीन विषय टाकायचा, आता आठ टाकतो.

अन् त्या धोरणातली सगळ्यात गोड गोळी नीट चघळून बघा. पहिल्या वर्षानंतर बाहेर पडलात तर प्रमाणपत्र, दुसऱ्यानंतर पदविका, तिसऱ्यानंतर पदवी, चौथ्यानंतर ऑनर्स. केव्हाही बाहेर पडा, केव्हाही आत या. ऐकायला छान. पण पहिल्या वर्षानंतर कोण बाहेर पडणार? मंत्र्याचं पोरगं? साखरसम्राटाची पोरगी? बाहेर पडणार ते कोयत्यावर जाणारं पोरगं. काल त्याला गळती म्हणायचे, निदान लाज तरी वाटायची. आज गळतीला प्रमाणपत्र मिळणार अन् कुणाला लाजही वाटणार नाही. हे त्या पोराला प्रवेशाच्या दिवशीच कुणीतरी सांगायला पाहिजे: बाबा, ते मधलं दार तुझ्या सोयीचं म्हणून दाखवतील, तू शेवटच्या दारातूनच बाहेर ये.

आता कागदांचं बोलू. कारण जात आता शिवी देत नाही, कागद मागते. जातीचा दाखला, जात पडताळणी, तहसीलचा उत्पन्नाचा दाखला, रहिवासी, टी.सी., गुणपत्रिका, आधार, आधारला जोडलेलं बँक खातं. पडताळणीला १० ऑगस्ट १९५० च्या आधीचा वास्तव्याचा पुरावा. आज्याच्या नावावर ना शेत ना घर, शाळेचं तोंड बघितलेलं नाही, अन् त्याचा १९५० च्या आधीचा कागद आण म्हणतेत! त्यात दाखल्यावर कुठं 'बौद्ध', कुठं 'हिंदू महार', कुठं 'नवबौद्ध'. अजूनही माणसं भ्यायलेली आहेत, की बौद्ध लिहिलं तं सवलत जाईल. ती भीती खोट्यातून आलेली नाही. १९५६ नंतर केंद्राच्या सवलती चौतीस वर्षं बंदच होत्या. राज्यानं १९६० ला दिल्या, केंद्रानं १९९० ला कायदा बदलून दिल्या. पण १९९० होऊनही जमाना झाला, अन् ही साधी गोष्ट आपण घराघरात पोचवली नाही. ते क्लार्कचं काम नव्हतं, आपलं होतं.

अन् सगळं ऑनलाइन. महाडीबीटीवर अर्ज. ओटीपी बापाच्या फोनवर येतो. अर्जात काही चूक निघाली, अर्ज परत आला, की बाप तोवर दसऱ्यानंतर कारखान्याला गेलेला. फडात, रेंज नाही, कोयता हातात. इकडं पोरगी नेट कॅफेत बसलेली, ओटीपीची वाट बघत. मुदत सरली. बीडची अर्धी वस्ती ज्या दिवसांत गावात नसते, त्याच दिवसांत शिष्यवृत्तीच्या तारखा असतात. हे वेळापत्रक करणाऱ्याला आपलं वेळापत्रक माहीतच नाही.

तारखेनं माणूस कसा मरतो ते देशानं बघितलंय. २०२१ ला आयआयटी मुंबईत जागा मिळालेल्या एका दलित पोराची जागा पैसे भरताना तांत्रिक अडचण आली म्हणून गेली. २०२४ ला उत्तर प्रदेशातल्या मुजफ्फरनगर जिल्ह्यातल्या मजुराच्या पोराला १७,५०० रुपये वेळेत जमवून भरता आले नाहीत म्हणून आयआयटी धनबादची जागा गेली. दोघंही सुप्रीम कोर्टात गेले. दोघांनाही कोर्टानं जागा द्यायला लावली. टाळ्या. पण किती जण दिल्ली गाठतात? आपल्याकडचं पोरगं केज गाठतं, तिथून परत फिरतं, अन् त्याची बातमीही होत नाही.

तशी परत फिरणारी एक पोरगी मी बघितली. बारावी सायन्स, चांगले मार्क. बाप नुकताच कर्नाटकातून तोडीवरून आलेला. खिडकीतून सांगितलं, आधी फी भरा, शिष्यवृत्ती आली की परत देऊ. रक्कम ऐकून बापानं रुमालाची गाठ सोडली अन् पुन्हा बांधली. काही बोलला नाही. "चल माय," म्हणला. मी तिथं दुसऱ्याच कामाला गेलेलो. फाटकापाशी गाठलं, आत घेऊन गेलो. केंद्राच्या २०२१ च्या मार्गदर्शक सूचनांत पात्र पोरांसाठी फ्रीशिप कार्डाची तरतूद आहे, आधी फी न घेता प्रवेश द्यायचा आहे, हे सांगितलं. आवाज चढवला नाही. प्राचार्यांच्या केबिनमध्ये बसून लेखी मागितलं: 'फी न भरल्यामुळं प्रवेश नाकारला' एवढं एका कागदावर लिहून द्या. लिहून कोण देतो! वीस मिनिटांत प्रवेश झाला. मूळ टी.सी., मूळ गुणपत्रिका ठेवून घ्यायला लागले, तेव्हा यूजीसीचं ऑक्टोबर २०१८ चं फर्मान सांगितलं, मूळ कागदपत्रं तपासून परत द्यायची असतात. दिली.

वीस मिनिटं. मी काही पुढारी नाही, वकील नाही. दोन नियम माहीत होते एवढंच. त्या रात्री झोप आली नाही, पण आनंदानं नाही. डोक्यात एकच चाललेलं: मी यायच्या आधी त्या फाटकातून किती जण "चल माय" म्हणून गेले असतील? बालविवाहात आपल्या जिल्ह्याचं नाव राज्यात वरच्या ओळीत आहे. जूनमध्ये फाटकातून परत गेलेली पोरगी दिवाळीपर्यंत बिनलग्नाची राहील का? अन् लग्न झालं की एक कोयता म्हणजे नवरा-बायको. तिचं आयुष्य दोन मिनिटांच्या खिडकीवर ठरतं म्हणतो, ते ह्या अर्थानं म्हणतो.

आता तुमचे आक्षेप. मला माहीत आहेत, कारण मीही ते बोललेलो आहे.

एक म्हणेल, हे फॉर्म भरायचं काम म्हणजे समाजसेवा झाली, एनजीओगिरी झाली. आपली चळवळ व्यवस्था बदलायची आहे. अरे बाबा, व्यवस्था म्हणजे काय आभाळात असते? व्यवस्था म्हणजे ती दीड फुटाची खिडकीच. तिथं नियम दाखवून प्रवेश घेणं हा सत्याग्रहच आहे. चवदार तळ्यावर पाणी प्यायचा हक्क १९२३ च्या बोले ठरावानं कागदावर मिळालेलाच होता. १९२७ ला महाडला बाबासाहेबांनी काय केलं? कागदावरचा हक्क ओंजळीत घेतला. आपल्या पोरांचे हक्कही कागदावर पडलेले आहेत. ओंजळ कुणी भरायची?

दुसरा म्हणेल, आपल्यातलेच शिकलेले, नोकरीवाले कुठं गेले, त्यांनी करावं. बरोबर. त्यांनी करायलाच पाहिजे. शिष्यवृत्तीवर शिकले, वसतिगृहात राहिले, नोकरी लागली, शहरात बंगल्याला 'मैत्री' नाव दिलं अन् गावाकडं फक्त अंत्यविधीला येतात. त्यांना मी सोडत नाही. पण ते येत नाहीत म्हणून तुम्ही बसून राहणार का?

तिसरा म्हणेल, आम्हालाच माहीत नाही, आम्ही काय सांगणार. हे मात्र खरं आहे, अन् हे कबूल करणारा माणूस मला आवडतो. मग शिका. एक रविवार द्या. शिवाय अर्धवट माहितीनं सांगू नका. आपल्यातल्या अर्धवट सल्लागारांनी कमी पोरं बुडवली नाहीत. 'डी.एड. कर, मास्तर होशील' म्हणत एक पिढी त्या लाटेत लोटली, भरती थांबली, पोरं डिग्र्या घेऊन बसली. आता 'एमपीएससी कर' ही दुसरी लाट. पोराला काय आवडतं, काय येतं, हे विचारायच्या आधी उत्तर देणारा सल्लागार अन् खिडकीतला क्लार्क, दोघं भाऊच.

म्हणून काय करायचं ते सांगतो. फार मोठं काही नाही. एक टेबल, दोन खुर्च्या, निळा झेंडा लावा नाहीतर लावू नका. निकालाच्या दिवसापासून प्रवेश संपेपर्यंत कॉलेजच्या फाटकाबाहेर बसा. आत बसू दिलं तर आत.

पहिलं, पोराला बसवा अन् विचारा. कोणता विषय आवडतो, कशात मार्क पडलेत, घरी कोण आहे, सीझनला कोण जातं. दहा मिनिटं नुसतं ऐका. कदाचित त्याला आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी हे विचारत असेल.

दुसरं, दारं दाखवा. दहावीच्या पोराला सांगा, अकरावीला गणित सोडलं तर इंजिनिअरिंगची बहुतेक दारं बंद, जीवशास्त्र सोडलं तर डॉक्टरकीची अन् बी.एस्सी. नर्सिंगची वाट अवघड. दोन्ही ठेवता येतात. पॉलिटेक्निक आहे, आयटीआय आहे. वकील व्हायचं तर बारावीनंतर पाच वर्षं नाहीतर पदवीनंतर तीन, अन् दोन्हीला सीईटी. एकाच पातळीवर दुसऱ्यांदा शिष्यवृत्ती नाही, हे तं भिंतीवर लिहून ठेवा.

तिसरं, पैसा समजावून सांगा. शिष्यवृत्तीला उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख. २०२१ च्या सूचनांप्रमाणं बी.ए., बी.एस्सी.च्या पोराला निर्वाह भत्ता वसतिगृहात राहिला तर वर्षाला ६ हजार, घरून आला तर ३ हजार. महिन्याला अडीचशे! त्यात काय होतं, तो मोर्चाचा विषय आहे अन् मोर्चा काढाच. पण हेही सांगा की खात्यात आलेला सगळा पैसा आपला नसतो, त्यात कॉलेजची फीसुद्धा असते. तो उचलीसारखा खर्चून टाकला तर पुढं टी.सी. अडकते. सरकारी वसतिगृह नाही मिळालं तर स्वाधार योजनेचा अर्ज. अन् बाप तोडीवर जायच्या आधी, दसऱ्याच्या आत, आधारला पोराचा स्वतःचा फोन जोडून घ्या.

चौथं, पोराचं नाव अन् फोन वहीत लिहा. कारण खरं काम प्रवेशानंतर आहे. दिवाळीनंतर एक फोन करा: कॉलेजला जातोस का? मार्चमध्ये दुसरा: परीक्षेचा फॉर्म भरला का? पुढच्या जूनमध्ये त्याच वहीवरून मोजा. नोंदवले किती, उरले किती. १९२७ चा बाबासाहेबांचा हिशेब आपल्या वहीत लिहायचा.

पाचवं, कॉलेजला लेखी विचारा. दीक्षारंभात शिष्यवृत्तीचं, विषय निवडीचं सत्र ठेवलं का? मार्गदर्शक कोण? फी मागितली तर लेखी द्या. शिव्या नको, निवेदन द्या अन् पोच घ्या. पोच घेतलेला कागद घोषणेपेक्षा लांब जातो.

बीड, आष्टी, पाटोदा, शिरूर कासार, गेवराई, माजलगाव, वडवणी, धारूर, केज, अंबाजोगाई, परळी. अकरा तालुके. अकरा टेबलं. तालुक्याला चार पोरं धरली तरी चव्वेचाळीस जण. एका जयंतीच्या मिरवणुकीत एका चौकात ह्याहून जास्त नाचतात. डीजेच्या एका रात्रीच्या भाड्यात अकरा टेबलांचा महिन्याचा चहा अन् झेरॉक्स निघेल. जयंती करू नका असं म्हणत नाही. जयंती करा, दणक्यात करा. पण १४ एप्रिलला वाजलेलं ढोल जूनच्या खिडकीपर्यंत ऐकू गेलं पाहिजे.

येत्या जूनमध्ये मी एका फाटकावर असणार आहे. खुर्ची घरूनच आणीन. शेजारी दुसरी रिकामी खुर्ची ठेवलेली असंल, ती तुमच्यापैकी कुणासाठी. रांगेत एखादा बाप टोपी हातात घेऊन उभा असंल. त्यानं "साहेब म्हणायलेत तं बरोबरच असंल" म्हणायच्या आत तुम्ही तिथं पोचा.

जय भीम.